कीटार गाण्याच्या मध्येच बंद पडते आणि सेल तर नवे आहेत: नेमकं कुठे बघायचं

तक्रार ठरलेली असते. कीटार, म्हणजे गळ्यात पट्टा घालून उभ्यानं वाजवायचा सिंथेसायझर, घरी तालमीत तासन्‌तास चालते. मिरवणुकीत किंवा वरातीत मात्र तिसऱ्या-चौथ्या गाण्याला डिस्प्ले विझतो, लगेच परत लागतो आणि ब्रासचा आवाज लावलेला असताना अचानक पियानो वाजायला लागतो. सेल त्याच सकाळी घातलेले असतात. घरी आणून चालू केली की निमूट चालू होते, बॅटरीच्या चित्रात दांड्याही पुरेशा दिसतात. मग 'मशीनमध्येच फॉल्ट आहे' असं ठरवून ती दुरुस्तीला जाते. दुरुस्तीवाला ती ॲडॅप्टरवर चालवून बघतो, त्याला काही सापडत नाही, तो तपासणीचे पैसे घेऊन परत देतो आणि पुढच्या सुपारीला पहिले पाढे पंचावन्न.

माझं मत स्पष्ट आहे. अशा दहातल्या बहुतेक कीटारी धडधाकट असतात. फसतो तो सेलपासून मशीनपर्यंत वीज पोचवणारा रस्ता. आणि तो सापडत नाही, कारण आपण व्होल्टेज मोजतो ते मशीन बंद असताना आणि कीटार बंद पडते ती वाजत असताना. टाकी भरलेली आहे, पण नळाला प्रेशर नाही. पुण्यातल्या सोसायटीत राहणाऱ्याला हा फरक वेगळा समजवायला नको.

आधी हे ठरवा: वीज जाते की आवाज जातो

साउंडवाल्याला विचारलं तर तो 'कीबोर्ड बंद पडला' एवढंच सांगेल, कारण त्याला मिक्सरवर फक्त सिग्नल गेलेला दिसतो. बघायचं असतं ते डिस्प्लेकडे. आवाज गेला त्या क्षणी दिवे विझले का? विझून परत लागले आणि आवाज पहिल्या नंबरच्या टोनवर गेला, तर मशीन रिस्टार्ट झालं. म्हणजे व्होल्टेज क्षणभर एवढं खाली आलं, की आतला प्रोसेसर सुरुवातीपासून जागा झाला. हा या लेखाचा मुख्य विषय.

दिवे चालू आहेत आणि फक्त आवाज गेला, तर सेलला हात लावू नका. तिथे केबल, जॅक, वायरलेस किंवा चुकून वळलेला व्हॉल्यूमचा नॉब बघायचा. त्याबद्दल पुढे थोडं लिहिलंय.

तिसरा प्रकार फसवा आहे: निवेदक बोलतोय, सत्कार चाललेत, पाहुणे हार घालतायत, आणि आपल्या एन्ट्रीला कीटार मेलेली. हा बहुतेक वेळा ऑटो ऑफचा प्रताप असतो. काही वर्षांपासून बहुतेक कंपन्या वीज वाचवण्यासाठी ही सोय घालतात. ठरावीक वेळ, बहुधा ३० मिनिटं, कळ दाबली गेली नाही तर मशीन आपणहून बंद होतं. मेनूमध्ये जाऊन ती बंद करा. यामाहाच्या पोर्टेबल कीबोर्डांवर सर्वांत डावीकडची पट्टी दाबून धरून पॉवर चालू केली की ऑटो ऑफ निघतो. बाकीच्यांसाठी मॅन्युअल उघडा. पुण्यातल्या सत्कारांची लांबी लक्षात घेता ही सेटिंग कीटार घरी आणली त्याच दिवशी बदलून टाकलेली बरी.

सेल: छापलेला आकडा आणि खरी ताकद

बहुतेक कीटारी पेन्सिल (एए) सेलवर चालतात. रोलँडच्या एएक्स-सिंथ (२००९) आणि एएक्स-एज (२०१८) ला आठ सेल लागतात. यामाहाच्या एसएचएस-५०० ला सहा. अलेसिसच्या व्होर्टेक्स वायरलेस २ ला चार, कारण तिच्यात स्वतःचा आवाजच नाही. ती फक्त कंट्रोलर आहे, आवाज लॅपटॉपमधून येतो. भूक कमी म्हणून सेल कमी.

एएक्स-एजसाठी कंपनी चार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरायला सांगते आणि त्यांवर सुमारे ४ तास चालेल असं म्हणते. पेन्सिल आकाराच्या अशा सेलची क्षमता साधारण २,००० एमएएच धरली, तर हिशेब सोपा आहे: मशीन ५०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट ओढतं. टीव्हीच्या रिमोटच्या तुलनेत हा फार मोठा करंट आहे, आणि सगळी गडबड इथे सुरू होते.

प्रत्येक सेलला आतून थोडा रोध असतो. नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा तो ०.१५ ते ०.३ ओहम असतो. चार्जेबल सेलचा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या जवळपास, ०.०३ ओहमच्या आगेमागे. आता आठ अल्कलाइन सेल ओळीनं जोडा, प्रत्येकी ०.२ धरा: १.६ ओहम. त्यातून अर्धा अँपिअर गेला की ०.८ व्होल्ट सेलच्या आतच खर्च झाले. चार्जेबल सेलमध्ये हाच तोटा ०.१२ व्होल्ट. म्हणून छापील १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल कागदावर मोठा दिसतो, पण भार आल्यावर १.२ व्होल्टचा चार्जेबल सेल त्याला मागे टाकतो. शिवाय अल्कलाइन जसजसा वापरला जातो तसा त्याचा रोध वाढत जातो, तर चार्जेबल सेल शेवटच्या टप्प्यापर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि मग धाडकन खाली येतो.

घड्याळात घालायचे साधे, जस्त-कार्बनचे सेल तर या कामाचेच नाहीत. आयत्या वेळी टपरीवर तेच मिळतात हे खरं. त्यांच्यावर कीटार चालू होते हेही खरं. पण पहिल्याच मोठ्या कॉर्डला खाली बसते.

घेताना काय बघायचं? एक म्हणजे कमी गळतीचे, म्हणजे नुसते ठेवले तर चार्ज कमी उतरणारे, चार्जेबल सेल. सॅन्योनं २००५ मध्ये आणलेल्या एनेलूपपासून हा प्रकार रूढ झाला, आता बऱ्याच कंपन्यांचे मिळतात. जुन्या पद्धतीच्या चार्जेबल सेलमधला चार्ज नुसता ठेवूनही उतरत जातो. गेल्या महिन्यात चार्ज करून खोक्यात ठेवलेले सेल 'भरलेले' म्हणून स्टेजवर नेले, तर ते अर्धवट असतात. दुसरं, अवाच्या सवा आकड्यांना भुलू नका. पेन्सिल आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलची खरी क्षमता २,००० ते २,७०० एमएएचच्या दरम्यान असते. ४,००० छापलेलं दिसलं की सेल खाली ठेवा आणि दुकानाबाहेर पडा.

आता दोन धोके, आणि यातला पहिला मशीन कायमचं जाळू शकतो. १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो. तो आकारानं हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण व्होल्टेज ३.७. असे आठ घातले तर साडेनऊ व्होल्टच्या जागी जवळपास तीस व्होल्ट जातात. 'लिथियम चार्जेबल, जास्त पॉवर' असं कुणी सांगितलं तर सेलवरचा व्होल्टचा आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडूसुद्धा नका.

दुसरा प्रकार यूएसबीवर चार्ज होणाऱ्या १.५ व्होल्टच्या लिथियम सेलचा. ते धोकादायक नाहीत. त्यांच्या आत व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं, त्यामुळे ते शेवटपर्यंत १.५ व्होल्टच दाखवतात आणि मग एका क्षणात शून्य. बॅटरीच्या दांड्या पूर्ण असतानाच कीटार मरते. काही मशीनमध्ये त्या सर्किटची बारीक शिट्टीही आवाजात मिसळते. घरी सरावाला ठीक आहेत, सुपारीला मी नेणार नाही.

बऱ्याच मशीनच्या मेनूमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते: अल्कलाइन की निकेल-मेटल हायड्राइड. ती चुकीची असेल तर दांड्या खोटं बोलतात. चार्जेबल सेल भरलेले असूनही अर्धे दिसतात किंवा संपत आले तरी इशारा येत नाही. सेल बदलले की ही सेटिंगही तपासायची सवय लावा.

आणि सेलचा संच फोडू नका. आठातले दोन मुलांच्या खेळण्यात गेले, त्या जागी दुसरे दोन आले, की संच बिघडला. ओळीत जोडलेल्या सेलमध्ये सर्वांत कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे सात त्यातून करंट ढकलतच राहतात, त्यामुळे त्याचं व्होल्टेज उलटं होतं. तो सेल मरतो, प्रसंगी गळतो. मार्करनं संचावर अ, ब असं लिहा, एका संचातले सेल एकत्रच चार्ज करा, एकत्रच वापरा. चार्जर प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असलेला घ्या. जोडीनं चार्ज करणाऱ्या स्वस्त चार्जरला जोडीतला एक सेल भरला आणि दुसरा अर्धा आहे हे कळतच नाही. चार कप्प्यांच्या चार्जरवर आठ सेलना दोन फेऱ्या लागतात, म्हणजे आदल्या रात्री झोपायच्या आधी आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

मोजायचं ते वाजवताना

पुण्यात सल्ला फुकट मिळतो, मल्टिमीटर विकत घ्यावा लागतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तपकीर गल्लीत काही शे रुपयांत कामापुरता मिळतो. त्याच फेरीत डीसी पिना आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटलीही बघून घ्या.

कीटार उताणी टेबलावर ठेवा, खाली टॉवेल. बॅटरीचं झाकण काढा, सेल जागेवर राहू द्या. मशीन चालू करा, हेडफोन लावा, व्हॉल्यूम पूर्ण, डिस्प्लेचा उजेड पूर्ण. दुसऱ्या कुणाला तरी पट्ट्या दाबायला बसवा, दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड, होल्ड (सूर लांबवायची सोय) चालू. आता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून एकेका सेलच्या दोन टोकांना लावा. नुकत्याच चार्ज केलेल्या चांगल्या सेलवर १.२ ते १.३ दिसेल. सगळे १.२५ आणि एक १.०५ असेल तर चोर सापडला. तो एकटा सेल बदलून भागत नाही, संचच बदलायचा आणि उरलेले घड्याळ-रिमोटला द्यायचे.

सगळे सेल सारखे आले तर पुढचं माप जास्त महत्त्वाचं. सगळ्या सेलच्या मापांची बेरीज करा आणि मग बॅटरीच्या कप्प्यातून मशीनमध्ये जाणाऱ्या पहिल्या आणि शेवटच्या पत्र्यावर एकूण व्होल्टेज मोजा. आठ सेलची बेरीज १० येत असेल आणि पत्र्यावर ९.४ मिळत असतील, तर मधले ०.६ व्होल्ट स्प्रिंगा आणि पत्र्यांवर जळतायत. आठ सेलना सोळा ठिकाणी स्पर्श असतो. प्रत्येक ठिकाणी मळामुळे फक्त ०.०५ ओहम धरा, तरी अर्ध्या अँपिअरला ०.४ व्होल्ट गेले. पावसाळ्यात ठेवून दिलेल्या मशीनमध्ये हे हमखास होतं, आणि गणपती नेमके पावसाळ्यातच येतात.

पत्रे साफ करायला साधा खोडरबर पुरतो. त्यावर अल्कोहोलचा बोळा फिरवा आणि वाळू द्या. सँडपेपर वापरू नका. पत्र्यावरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुपटीनं येतो. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी साठली असेल, तर ते अल्कली असतं. इअरबडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग अल्कोहोल. हातमोजे घाला, तो हात डोळ्याला लावू नका.

उडी मारली की बंद पडते अशी तक्रार असेल, तर स्प्रिंगा बघा. सेल जड असतात, स्प्रिंग दबून सैल झालेली असते. वाजवणारा उसळला की सेल क्षणभर पत्र्यापासून सुटतो आणि तेवढा क्षण रिस्टार्टला पुरतो. मशीन चालू ठेवून कप्प्याच्या बाजूला तळव्यानं थापट्या मारा. दिवा लुकलुकला की खात्री झाली. स्प्रिंग चिमट्यानं हलकी बाहेर ओढा, आणि झाकण आणि सेल यांच्यामध्ये फोमची पातळ पट्टी ठेवा. कागदाच्या घड्या घालू नका, त्या घामानं ओल्या होतात.

ॲडॅप्टर: पिन बसली म्हणजे जुळली नाही

सेल नकोत, ॲडॅप्टरवरच वाजवू, हा दुसरा मार्ग. स्टेजवर एका जागी उभं राहायचं असेल तर उत्तमच. पण इथे तीन गोष्टी जुळाव्या लागतात: व्होल्टेज, पिनची दिशा आणि करंट. रोलँडचा पीएसबी-१यू ९ व्होल्टचा आहे, २ अँपिअर, मधली पिन निगेटिव्ह. कॉर्गचा केए-३५० हाही ९ व्होल्टचा, पण मधली पिन पॉझिटिव्ह. यामाहाचा पीए-१३० १२ व्होल्टचा, मधली पिन पॉझिटिव्ह. स्टेजवरच्या काळ्या वायरींच्या गुंत्यात हे ॲडॅप्टर एकमेकांत मिसळले की काय होईल ते सांगायला नको. रंगीत टेप गुंडाळा, त्यावर मशीनचं नाव लिहा.

गिटारवाल्याच्या पेडलचा ॲडॅप्टर हा नेहमीचा सापळा आहे. तो ९ व्होल्टचा असतो, मधली पिन निगेटिव्ह असते, म्हणजे रोलँडला दिशेनं जुळतोही. पण एका पेडलपुरत्या अशा कितीतरी ॲडॅप्टरची ताकद १०० ते २०० मिलिअँपिअर एवढीच असते. कीटार चालू होते, लोगो येतो, आणि पहिल्या कॉर्डला बंद. लोक याला मशीनचा दोष समजतात. करंटचा आकडा मशीनच्या गरजेइतका किंवा जास्त हवा. जास्त असल्यानं काही बिघडत नाही, मशीन लागेल तेवढंच ओढतं. व्होल्टेजच्या बाबतीत मात्र 'थोडं जास्त चालतं' हा उदारपणा नको.

पिनच्या भोकाचाही घोळ असतो. बाहेरून सारख्याच ५.५ मिलिमीटरच्या पिना आतून २.१ आणि २.५ अशा दोन मापांत येतात. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये सहज जाते, पण आत सैल राहते. हलवलं की बंद, धरून ठेवलं की चालू, हे लक्षण दिसलं तर सॉकेट खराब झालं असं म्हणण्याआधी पिन बदलून बघा. खर्च चहाएवढा.

सेल भरलेले आहेत आणि तरी मशीन चालूच होत नाही? ॲडॅप्टरची पिन सॉकेटमध्ये अडकलेली तर नाही ना ते बघा. बऱ्याच मशीनमध्ये पिन आत गेली की सॉकेटच्या आतला स्विच सेल तोडतो, मग ॲडॅप्टरमध्ये वीज असो वा नसो. भिंतीवरचं बटण बंद, पिन आत, सेल बिचारे बिनकामाचे. याच कारणानं गाणं चालू असताना पिन उपसली तर काही मॉडेल सेलवर सरकताना रिस्टार्ट होतात. तुमचं होतं का ते घरी करून बघा, स्टेजवर शोध लावू नका. आणि ॲडॅप्टर लावून ठेवल्यानं आतले चार्जेबल सेल चार्ज होतात ही समजूत सोडून द्या. मॅन्युअलमध्ये तसं स्वच्छ लिहिलं नसेल तर ते होत नाहीत.

परदेशातून आलेली जुनी कीटार घेतली असेल तर ॲडॅप्टरवरची इनपुटची ओळ वाचा. १००–२४० लिहिलेलं असेल तर निर्धास्त. फक्त १०० किंवा १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टला तो भडकेल. जनरेटरवर चालवतानाही १००–२४० वालाच बरा. बेस घुमला की टेम्पोवरच्या जनरेटरचं व्होल्टेज खाली-वर होतं, हा ॲडॅप्टर ते पचवतो. जुना वजनदार ट्रान्सफॉर्मरवाला पचवत नाही. तो भार नसताना ९ च्या जागी १२-१३ व्होल्टही देऊ शकतो.

डीसीची वायर वाढवून घ्यायची खोडही असते. बारीक, ०.२ चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर जोडली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं, रोध ०.८६ ओहम, अर्ध्या अँपिअरला जवळपास ०.४३ व्होल्ट गायब. वाढवायचीच तर जाड वायर घ्या. चालत्या मिरवणुकीत २३० व्होल्टची वायर अंगाजवळ नको, ओल्या रस्त्यावर तर नकोच नको. लक्ष्मी रोड असो नाहीतर टिळक रोड, चालायचं असेल तर सेल.

तसं बघितलं तर वायरीनं बांधलेलं असणं हा या वाद्याचा जुना रोग आहे. १९८० च्या मूग लिबरेशनला वीज वेगळ्या खोक्यातून लांबलचक केबलनं जायची. पुढे १९८७ ची यामाहा एसएचएस-१० सहा सेलवर चालायची आणि स्पीकरही तिच्या पोटातच होता. आकारानं खेळण्यासारखी, बत्तीस छोट्या पट्ट्या, पण त्यावरचा वाजवणारा मोकळा होता.

पॉवर बँकवर चालेल का?

चालेल, पण अटी आहेत. व्होर्टेक्ससारखा यूएसबीवर चालणारा कंट्रोलर असेल तर सरळ ५ व्होल्ट मिळतात. ९ व्होल्टच्या मशीनसाठी पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेली पॉवर बँक आणि ९ व्होल्ट मागणारी ट्रिगर केबल लागते. पिनची दिशा इथेही तपासायची, या केबल्स बहुधा मधली पिन पॉझिटिव्ह असतात, म्हणजे रोलँडला उलट्या. १२ व्होल्टची मागणी प्रत्येक पॉवर बँक पुरी करत नाही. पीडीमध्ये ५, ९, १५ आणि २० हे ठरलेले टप्पे आहेत, १२ ऐच्छिक. न मिळाल्यास काही केबल खालच्या टप्प्यावर येतात आणि मशीन अर्धपोटी धडपडत राहतं.

यात दोन गमती घडतात. करंट फार कमी झाला की पॉवर बँक 'फोन चार्ज झाला' असं समजून स्वतःला बंद करते. अलेसिससारख्या कमी खाणाऱ्या कंट्रोलरला हे जास्त होतं. कमी करंटसाठी वेगळं बटण किंवा मोड असलेली बँक घ्या. दुसरं, कार्यक्रम चालू असताना कुणीतरी त्याच पॉवर बँकेच्या दुसऱ्या भोकात आपला फोन लावतो. बँक दोन्ही भोकांची वाटणी नव्यानं ठरवते, तेवढ्यात व्होल्टेज तुटतं आणि कीटार रिस्टार्ट. दुसऱ्या भोकावर टेप लावा. पदाधिकाऱ्याचा फोन असला तरी.

दिवे चालू, आवाज नाही

इथे थोडक्यात. एकच केबल असेल तर ती एल-मोनो लिहिलेल्या जॅकमध्ये लावा, आर मध्ये नाही. केबल आधी पट्ट्याच्या मागून वळवून घ्या आणि मग जॅकमध्ये घाला, म्हणजे पाय पडला तर ओढ पट्ट्यावर येते. एसएचएस-५०० आणि एएक्स-एजमध्ये ब्लूटूथ आहे, पण ते मिडीसाठी, म्हणजे कोणती पट्टी दाबली एवढाच निरोप पाठवायला. ब्लूटूथ स्पीकरला आवाज पाठवायला नाही. व्होर्टेक्स किंवा जुनी एएक्स-७ मुकी असते, तिच्यातून आवाज यायला साउंड मॉड्यूल (आवाज तयार करणारं वेगळं खोकं) किंवा लॅपटॉप लागतोच.

गिटारचा वायरलेस लावला आणि आवाज फाटतोय? तो गिटारच्या नाजूक सिग्नलसाठी बनवलेला असतो, कीटारचा लाइन सिग्नल त्याला जड जातो. कीटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणा, बाकीचं मिक्सरवर उचला. आवाज तुकड्यांत येत असेल तर २.४ गिगाहर्ट्‌झवर गर्दी आहे. पुण्यातल्या अलका चौकात विसर्जनाच्या रात्री हजारो फोन त्याच पट्ट्यात बोलत असतात. रिसीव्हर वाजवणाऱ्याच्या नजरेसमोर, डोक्याच्या वर ठेवा. टेम्पोत स्पीकरच्या मागे टाकू नका.

एकसारखी घूं ऐकू येत असेल तर ॲडॅप्टर काढून सेलवर चालवा. गेली, तर वीज दोषी. लॅपटॉप यूएसबीनं जोडलेला असेल तर त्याचाही चार्जर काढून बघा. तेवढ्यानं शांत झालं तर साउंडवाल्याकडून ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स (कीटार आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायचं खोकं) घ्या. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडायचा जुना उपाय कुणी सुचवेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

पट्टा

एएक्स-एज ४.२ किलोची आहे, एसएचएस-५०० दीड किलोची. जड मशीनला रुंद पट्टा आणि पिनेवर लॉक घ्या. पट्ट्याचा संबंध विजेशी येतो तो असा: वजन एकाच बाजूला लटकलं की प्लॅस्टिकचं अंग किंचित पिळतं आणि बॅटरीचं झाकण त्याच बाजूला असेल तर सैल होतं. पट्टा लावून, उभं राहून, कीटारची मान वर-खाली करून एकदा तपासणी करा. टेबलावर नीट चालणारी कीटार गळ्यात बंद पडते याचं उत्तर काही वेळा एवढंच असतं.

इतकं करूनही बंद पडत असेल तर

भार असताना पत्र्यावर व्होल्टेज पुरेसं आहे, ॲडॅप्टर योग्य आहे, पिन घट्ट आहे, आणि तरी रिस्टार्ट होतंय, तर आता उघडण्यात अर्थ आहे. पहिला संशय डीसी सॉकेटचं सोल्डरिंग. पिनेला बसलेल्या धक्क्यांनी बोर्डावरचा सांधा गोल चिरतो, भिंगाखाली बारीक काळी रेघ दिसते. सेलची वीज त्याच सॉकेटच्या स्विचमधून जात असेल तर सेलवरही तोच त्रास दिसतो. सांधा परत भरून घेणं हे छोटं काम आहे, पूर्ण बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला आधी तो सांधा दाखवायला सांगा. दुसरा संशय बॅटरी कप्प्यापासून बोर्डापर्यंतची वायर आणि तिचा कनेक्टर.

दुरुस्तीला देताना 'मध्येच बंद पडते' एवढंच सांगू नका. कोणते सेल, वाजवताना प्रत्येकावर किती व्होल्ट, पत्र्यावर किती, ॲडॅप्टरवर होतं की फक्त सेलवर, थापटल्यावर होतं का, रिस्टार्ट होतं की विझूनच राहतं, हे कागदावर लिहून मशीनबरोबर द्या. सोबत तुमचेच सेल आणि तुमचाच ॲडॅप्टर द्या. आणि तपासताना सेलवर, पूर्ण व्हॉल्यूमला, दोन्ही हातांनी वाजवून बघा असं त्याच कागदावर खाली लिहा.